आईला न घेता येणारं नाव

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला. काही माझा मी निस्तरला, काही दुसऱ्यांनी निस्तरला, आणि एक अजून चालताबोलता आहे. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, त्याला नातवंडं आहेत, आणि दर दिवाळीला तो मला खारीक-बदाम पाठवतो, जे माझ्या उरलेल्या चार दातांना झेपत नाहीत. तेरा वर्षांची असताना मी त्याचं नाव असं ठेवलं, की त्याच्या आईला ते तोंडातून काढायची सोय नव्हती. नुसत्या आईलाच नाही, आजीलाही नव्हती. ज्या दोन बायका त्याला न्हाऊ घालणार, भरवणार, त्याच्यामागे पळणार, त्या दोघींनाच ते नाव वर्ज्य. मी तेव्हा सातवी पास होते, गावातली पहिली मुलगी. एवढी मोठी चूक शिकलेल्या माणसाच्याच हातून होते. न शिकलेलं माणूस आधी कुणाला तरी विचारतं.

हे आज आठवायचं कारण, माझ्या नातीला मुलगा झालाय आणि ती मोबाईलमध्ये बघून मला नावं वाचून दाखवते. सगळी दोन अक्षरी, सगळी सारखीच गुळगुळीत, तळ्याकाठच्या गोट्यांसारखी. मी विचारते, "या नावाचं तू कुणी पाहिलंय का?" ती म्हणते, "नाही ना आजी, म्हणून तर छान आहे." आमच्या वेळी उलट होतं. प्रत्येक नावाच्या मागे एक माणूस उभा असायचा, आपल्या चालीसकट, खोकल्यासकट. नाव ठेवायचं म्हणजे त्या माणसाला घरात घ्यायचं. तिला हे पटत नाही. मला तरी तेव्हा कुठे पुरतं कळलं होतं?

आमचं गाव घाटंजीपासून बैलगाडीनं दीड-दोन तासांवर. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, पुढे सपरी, म्हणजे बसाउठायची पडवी, मागे गोठा. घरात बाबा, माय, माझा थोरला भाऊ महादेव, त्याची बायको म्हणजे माझी वैनी, अजा म्हणजे बाबांचे वडील, आणि मी. बाबांचं नाव श्रावण, अजाचं उकंडा. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही हे तर सगळीकडेच होतं, पण आमच्याकडे सासरा, आजेसासरा, ज्याच्यासमोर पदर डोक्यावर घ्यायचा त्या कुणाचंच नाव जिभेवर येऊ द्यायचं नाही. ते नाव देवाचं असो, महिन्याचं असो, किंवा नुसतं तसं ऐकू येणारं असो. त्यामुळे आमच्या घरात श्रावण महिना यायचाच नाही, 'पोळ्याचा महिना' यायचा. महादेवाच्या देवळाला वैनी 'नंदीवाले' म्हणायची. आणि अजाच्या नावाजवळ जातो म्हणून माय आणि वैनी दोघीही उकिरड्याला उकिरडा म्हणत नसत. "ते मांगं नेऊन टाक" एवढंच. मी मात्र घरची लेक. मला सगळी नावं मोकळी होती आणि ती मी हौसेनं घ्यायची. वैनीला चिडवायला तिच्यासमोर उभी राहून विचारायची, "वैनी, दादाचं नाव काय वं?" ती हातातलं पिठाचं बोट माझ्या नाकाला लावायची आणि म्हणायची, "तुमाले ठावं नाही का बाई? बराच हुशार हाये मंग तुमचा मास्तर."

वैनी पुसदकडची. अंगानं काटक, बोलायला थोडी, पण तिचा आवाज मात्र असा की तसा मी पुन्हा कुठे ऐकला नाही. बोलताना कळायचा नाही. हाक मारली की कळायचा. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी बैल सुटून नाल्यापलीकडे गेले होते. दादा काठी घेऊन निघाला, तर ही परड्यात उभी राहून, पदर डोक्यावर तसाच ठेवून, "बांड्याऽऽ" म्हणून जी ओरडली, ती हाक कपाशीच्या तीन वावरांवरून सरळ, न फाटता गेली, आणि बैल मान उचलून वळले. ओळख नाही पाळख नाही, दोन दिवसांची सून, आणि बैल तिच्या हाकेला येतात. माय दारात थिजली. सुनेनं असं ओरडावं का, हे तिला ठरवता येईना. ते अजानं ठरवलं. सपरीतल्या बाजेवरून तो म्हणाला, "श्रावण्या, हाक असावी तं अशी. आता कुत्रं पाळाची गरज नाही." अजाकडून याहून मोठी तारीफ कुणाला मिळाली नव्हती.

कारण अजा स्वतः हाकेचा माणूस. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून तो जन्मला तशी त्याच्या मायनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलला, आणि पसाभर कोंडा देऊन मायनं तो परत घेतला. टाकाऊ समजून काळानं त्याच्याकडे बघू नये म्हणून नाव उकंडा. आणि काळानं खरंच पंच्याऐंशी वर्षं बघितलं नाही. कापसाच्या गाड्यांची रांग पांढरकवड्याच्या जिनिंगला निघायची तेव्हा पहिली गाडी अजाची. जंगलातून जाताना तो पुढून हाक द्यायचा, आणि मागच्या विसाव्या गाडीवरचा माणूस ती ऐकून डुलकीतून जागा व्हायचा. त्यानं बैलाला कधी तुतारी, म्हणजे खिळा लावलेली काठी, टोचली नाही. म्हणायचा, ज्याले तोंड नाही त्यानं हत्यार वापरावं. शेवटच्या वर्षी त्याचे कान गेले. बाबा कानाशी ओरडायचे, मी ओरडायची, त्याला काही कळायचं नाही. वैनी दारात उभी राहून नेहमीच्या आवाजात "जेवाले चाला" म्हणायची आणि तो उठून बसायचा. त्याचं अंग पुसणं, त्याला ताकात भाकर कुस्करून देणं, सगळं तिनंच केलं. नाव मात्र कधी घेतलं नाही. तिच्या लेखी ते नाव नव्हतंच, तिथे एक रिकामी जागा होती, तिला हात जोडायचे.

पावसाळ्याच्या तोंडाशी अजा गेला आणि दिवाळी झाल्यावर वैनीला मुलगा झाला. आपला जिल्हा आता मुंबई राज्याला जोडला, असं मास्तर शाळेत नकाशा दाखवून सांगत होते. आमच्या गावात बातमी एकच, बुढा परत आला. जो येई तो पोराच्या कपाळाकडे बघून म्हणे, "तेच कपाळ हाये." बाबा तोंडानं काही बोलत नव्हते. पण अजाचं पागोटं सपरीतल्या खुंटीवरून त्यांनी उतरवलं नव्हतं, आणि जाता येता त्याच्याकडे बघायचे. नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणजे माझा. बाबांना वाटलं तरी ते मला सांगू शकत नव्हते, आणि मी त्या मानानं इतकी फुगले होते की दोन आठवडे वेणी पुढे घेऊन हिंडत होते.

वैनीनं एकदा मला खोलीत बोलावलं. बाळंतिणीची खोली, शेगडीवर ओवा जळतोय, डोळ्यांत पाणी येतंय. तिच्यासाठी दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड तिनं माझ्यासाठी राखून ठेवली होती, तपकिरी, करपट-गोड. ती खरवड म्हणजे माझा जीव की प्राण. मी बोटानं ओरपत होते तेव्हा ती म्हणाली, "बाई, एक मागू का? माणिक ठेवजा."

"काहून?"

"माह्या मामाचं नाव हाये. माय मेली तवा मी पाच वर्साची होतो. मामा वावरातून यायचा, हात धुवायचा अन् माही वेणी घालून द्यायचा. बाप्यामाणसाले वेणी घालता येत नाही, वाकडीच यायची. पण घालायचा." मग म्हणाली, "अन् मले ते नाव घेता येते, बाई. मले याले हाक माराची हाये."

तिची मागणी एवढीच होती. मी चाटत चाटत म्हटलं, "ठेवीन ना." वचन दिलं, शपथ घेतली, पातेलं पुसून परत दिलं.

आता माझ्या शहाणपणाचा नमुना बघा. वहीच्या मागच्या पानांवर मी नावांची यादी केली होती आणि पुढे त्या नावाचं माझ्या ओळखीचं माणूस. नामदेव: हा दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवायचा आणि तिसऱ्यांना मजकूर सांगायचा. गणपत: आमचे मास्तर, फळ्याकडे तोंड करून झोपायचे. लक्ष्मण: गावात दोन होते, दोघंही बायकोचा मार खायचे. दौलत: याच्या अंगात सदरा कधी कुणी पाहिला नव्हता. एकेका नावाला मी फुली मारत गेले, जणू मी कुणी न्यायाधीशच. माणिक म्हणजे आमच्याकडे तेलाच्या घाण्यावरचा माणिक. मनानं सोन्यासारखा माणूस, पण अंगाला सदा तेलाचा आणि ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, वास, आणि तो रस्त्यानं निघाला की मागे गावची पाच-सहा कुत्री त्याच्या टाचा चाटत चालायची. वैनीला माणिक म्हटलं की वेणी घालणारा मामा दिसायचा. मला कुत्री दिसायची. माझ्या भाच्याच्या मागे कुत्री लागणार, या विचारानं मला झोप येईना. एकाच नावातून दोघींना दोन माणसं दिसत होती आणि तिचा माणूस खरा की माझा, हे ठरवायचा हक्क आपलाच, असं मला वाटत होतं.

बारशाला सगळं गाव लोटलं. हरभऱ्याच्या घुगऱ्यांची टोपली दारात, आत बायकांची दाटी, बाहेर सपरीत पुरुष. बायका आल्या आल्याच टोमणे. "आता शिकेल आत्या हाये बाप्पा, सिनेमातलं नाव ठेवते का काय पाहा." दुसरी म्हणाली, "ठेवन इंग्रजी, आपल्याले म्हनता बी येनार नाही." पाळण्याखालून पोरगं या हातातून त्या हातात गेलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आणि ते माझ्या हातात आलं. मी वाकले. माणिक म्हणायचं अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात उघड्या दारातून मला बाबा दिसले. सगळे पुरुष हसत बोलत होते आणि बाबा एकटे, मान वर करून, खुंटीवरच्या पागोट्याकडे बघत होते. माझं मन भरून आलं, हे खरं. पण त्याबरोबरच असंही वाटलं की आता जर मी ते नाव घेतलं तर या सगळ्या बायका गप्प होतील, बाहेर बाबा उठून उभे राहतील आणि गाव म्हणेल, पोरगी असावी तर अशी. हेही तितकंच खरं, बहुधा जास्त खरं. मी बाळाच्या कानात म्हणायचं ते साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हटलं, "उकंडा." आणि कुर्र केलं.

बाबा खरंच उठून उभे राहिले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बाहेर "वा, वा" झालं. मी मनात म्हटलं, जिंकलं. मग रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत बायकांचे धपके सुरू झाले, हलके, हसत हसत मारलेले. त्यात एक असा बसला की माझा श्वास अडकला. वळून पाहिलं तर ती माझी माय. ती हसत नव्हती. तिच्या सासऱ्याचं नाव तिच्या पहिल्या नातवाला लागलं होतं, आणि आता हयातभर तिला त्याला "अरे" याहून जास्त काही म्हणता येणार नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वैनीकडे बघायची हिंमत होईना, तरी पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी परत दिलेलं पोर तिनं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ एकदा उघडले आणि मिटले.

ती मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. दुसऱ्या दिवशी मी खोलीच्या दाराशी घुटमळले, तर तिनं नेहमीसारखं पातेलं पुढे सरकवलं. ती खरवड मला गिळवेना. तिनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटले असते. पण ती तशी नव्हती. माणसाला शिक्षा न देता सोडून द्यायची तिची पद्धत फार कडक होती.

मग आमच्या घरात एक तमाशा सुरू झाला, तो चार वर्षं चालला. पोराला हाक कशी मारायची? वैनी "बाळ्या" म्हणायची, पण गल्लीत आठ बाळ्या. तिच्या त्या आवाजात "बाळ्याऽऽ" झालं की आठही यायचे आणि घुगऱ्या मागायचे. माय त्याला "अरे, हे" म्हणायची. पोरगं खोड्या करायला लागलं तेव्हा पंचाईत आणखी वाढली. आजेसासऱ्याच्या नावावर हात कसा उगारायचा? माय तर त्याच्याशी मानानंच बोलू लागली. "दूध सांडलं का तुम्ही? बरं केलं. बसा आता तिथंच." अडीच वर्षांचं ते नागडं पोरगं सपरीत गादीवर बसल्यासारखं बसायचं, आणि दोन बायका त्याला "जेवता का जी?" विचारायच्या. शेजारणी हसून लोळायच्या. मीही हसायची. पण एकदा भरवता भरवता तो मला म्हणाला, "आत्या, मायले माहं नाव येतच नाही." मी म्हटलं, "येते रे." तो म्हणाला, "नाही येत. मी पुसलं. ते म्हने, आत्याले पूस."

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं, पांढरकवड्याला. माझ्या सासऱ्यांचं नाव तुळशीराम. देवानं हिशेब चुकता केला तो असा. रोज सकाळी अंघोळ करून अंगणात पाणी घालायचं, हात जोडायचे, आणि जिला हात जोडायचे तिचं नाव घ्यायचं नाही. एकदा खोकल्याच्या काढ्यासाठी पानं हवी होती, तर मी शेजारणीला म्हणाले, "त्या अंगणातल्या झाडाचे पानं द्या." तिनं मला कडुलिंबाचा पाला आणून दिला आणि तो काढा सगळ्या घरानं पाठोपाठ नाक दाबून प्यायला. तेव्हा मला वैनी आठवली. एका झाडाचं नाव घेता येत नाही तर माझा जीव एवढा कोंडतो, आणि तिला तर स्वतःच्या पोटच्या गोळ्याचं नाव घेता येत नव्हतं, तेही माझ्यामुळे, तेही वचन देऊन.

पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा आम्ही घाटंजीच्या बाजाराला गेलो. दादानं गाडी हाकली, आम्हाला उतरवलं आणि तो ढेप घ्यायला दूर जिनिंगकडे गेला. माय, वैनी, मी आणि चार वर्षांचा उकंडा. कापसाचे दिवस, बाजार नुसता उसळलेला. मिरचीच्या ढिगांचा ठसका, चिवड्याच्या कढया, बांगडीवाल्याची किणकिण, आणि या सगळ्यावर कुठून तरी घणाचे दणके. माय वांगी निवडत होती, वैनी तिच्या पदरात धरत होती, पोराचं बोट माझ्या हातात होतं. माझ्याच हातात होतं, हे मी लपवत नाही. मी बांगड्या बघायला दोन्ही हात पुढे केले, आणि परत हात खाली नेला तर बोट नव्हतं.

आधी वाटलं, इथेच असेल. मग नाही म्हटल्यावर वैनी वळली. तिचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. "बाळ्याऽऽ" तिनं हाक मारली. बाजारातली पंधरा-वीस पोरं वळली, आमचं वळलं नाही. पुन्हा हाक, पुन्हा दुसऱ्यांचीच पोरं. मी ओरडले, "उकंडाऽ, ए उकंडाऽ." माझा आवाज म्हणजे करडू; पुढचा मिरचीवाला तेवढा म्हणाला, "काय पायजे बाई?" तिकडे घणाचे दणके चालूच. बाजाराच्या पलीकडे रस्ता, रस्त्यावर ट्रक, आणि त्याच्याही पलीकडे विहीर होती, हे आम्हा तिघींना माहीत होतं. वैनी उभी होती. तोंड उघडं, गळ्याची शीर ताठ, आणि त्यातून काही बाहेर येत नव्हतं. जी जागा तिनं इतकी वर्षं हात जोडून रिकामी ठेवली होती, तिच्या कडेला ती उभी होती.

माय वांग्यांची टोपली तशीच टाकून तिच्यापुढे आली. "शेवंते," माय म्हणाली, "घे नाव."

"आत्याबाई..."

"घे म्हनतो ना मी. मी आयकत नाही." आणि माझ्या मायनं भर बाजारात दोन्ही तळहात कानांवर दाबले आणि डोळेही मिटून घेतले.

वैनीनं पदर डोक्यावर नीट केला. मग तिनं हाक मारली, "उकंडाऽऽऽ."

मी ती हाक कशी सांगू? बाजार थांबला, असं लिहिलं तर खोटं वाटेल, पण जवळचे लोक खरंच थांबले. तराजू हातात तसाच धरून एक म्हातारा वाण्यासारखा माणूस उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा तिनं हाक दिली, आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज पहिल्या दोनहून मोकळा आला, जणू तिला ते नाव आवडायला लागलं होतं. आणि पलीकडचे घणाचे दणके बंद पडले. गर्दीतून रहीमचाचा आला, काळा, घामानं निथळलेला, कमरेला कातड्याचं फडकं. गाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचं त्याचं काम. अजाच्या गाडीची सगळी चाकं त्याच्याच हातची. त्याच्या खांद्यावर आमचं पोरगं, तोंडाला गूळ लागलेला.

"बुढेको कौन पुकारा?" तो म्हणाला. मायला पाहून त्यानं आवाज खाली घेतला. "सूनबाई, घाबरू नोको. बच्चा माह्याजवळ होता. गोवऱ्यायची आग पाह्यले आला अन् तिथंच खिळला. नाव पुसलं तं म्हन्ते उकंडा. मी म्हटलं, या अल्ला, बुढा चाक तपासाले वापस आला. धाव लाल झालती, अशी सोडून येता येत नाही, नाही तं चाक जळते. म्हून बसवलं याले गूळ देऊन. कोनी बाळ्या बाळ्या करत होतं, मी म्हटलं असन दुसऱ्याचा. मंग हे हाक आली." तो वैनीकडे बघून म्हणाला, "दस बरस झाले असन, असा आवाज आयकून. बुढ्याचाच समजलो मी."

वैनीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिनं पोराला उतरवून घेतलं. तो तिच्या कडेवर बसला, गुळाचे हात तिच्या गालाला लावले आणि तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "माय, तुले माहं नाव येते?"

ती म्हणाली, "येते रे."

गाडीत परत येताना माय सारखं सांगत होती, "मी काही आयकलं नाही." कुणी विचारत नव्हतं तरी सांगत होती. पोर वैनीच्या मांडीवर झोपलं होतं. घरी पोचल्यावर वैनीनं दाराआड उभं राहून मायकरवी बाबांना सांगितलं; लपवायचं तिला जमत नसे. "त्याईले सांगा, आज बाजारात माह्या तोंडून नाव गेलं." बाबा सपरीत बसले होते. पागोट्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता काही तरी उपास-तापास, काही तरी प्रायश्चित्त निघणार. पण ते मायला म्हणाले, "बुढ्याले आयकू गेलं असन का?"

माय म्हणाली, "घाटंजीभर गेलं. त्याईले काहून नाही जानार?"

बाबा हसले. अजा गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. "मंग घेत जा म्हना," ते म्हणाले, "त्याले सवय होती मोठ्या हाकेची."

आणि वैनी घेत गेली. देवापुढे नाही, चार बायकांत नाही. पण वावरात, नाल्याकाठी, सांजेला परड्यातून. पुढे कित्येक वर्षं मी माहेरी गेले की वेशीवरूनच ती हाक ऐकायची आणि गाडीवानाला म्हणायची, जरा थांबा. त्या बाईनं आयुष्यात कुणाशी भांडण केलं नाही, रीत मोडते म्हणून सांगत फिरली नाही, आणि ज्या दिवशी मोडली त्या दिवशी ती पदर सारखा करून मोडली. मी सातवी शिकले, नावांच्या याद्या केल्या. ती अक्षरशत्रू होती. माझ्या सगळ्या वह्या तिच्या त्या एका हाकेपुढे टाकाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीशी दूध आटवत बसली होती. मी जवळ जाऊन बसले आणि चार वर्षं गळ्यात अडकलेलं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, वैनी, मी खरवड खाल्ली आणि वचन मोडलं. माणिक ठेवायला पाहिजे होतं. घाण्यावरच्या माणिकमागची कुत्री आडवी आली, आणि मला गावाकडून वाहवा पाहिजे होती, हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. कुत्र्यांचं ऐकून तिच्या खांद्यांना हसू फुटलं, पण तोंड तिनं चुलीकडेच ठेवलं. दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं, रिकामं पातेलं उलथन्यानं खरवडलं. ती तपकिरी, करपट-गोड खरवड वाटीत काढली. मी हात पुढे केला, तर तिनं ती वाटी उचलून फडताळात वर ठेवली, माझा हात पोचणार नाही इतकी वर, आणि पोटावरून पदर सारखा करत म्हणाली:

"मले दिवस गेले हायेत, बाई. पोट्टं हो का पोट्टी हो, माणिकच ठेवजा. अन् या खेपेले खरवड नाव ठेवल्यावर भेटन."